अकरावा नंबर

"बघ, आजही तोच वर!" गुक ब्योंगतेने फोन बायकोच्या नाकासमोर धरला. घरपोच जेवण मागवायच्या अ‍ॅपवर समोरच्या प्योचं तळलेल्या कोंबडीचं दुकान पहिलं होतं. गुकचं अकरावं.

"अहो, तेल तापलंय," सुनरे म्हणाली.

"माझं डोकंही तापलंय. असं आहे काय त्याच्या कोंबडीत? आणि ते मुळ्याचं लोणचं? नुसतं पाणी!"

सुनरेने कोंबडीचे तुकडे तेलात सोडले.

दिवसातून चाळीस वेळा प्योचं दुकान अ‍ॅपवर उघडून त्याचे तारे मोजणाऱ्या गुकने अखेर सुवोन शहरातल्या आपल्या गल्लीतल्या त्रेसष्ट दुकानदारांच्या सह्या गोळा केल्या. मागणी एकच: अ‍ॅप कंपन्यांना कायद्याने वेसण घाला. खासदारांच्या कचेरीतल्या बांगबाईंनी मंगळवारी सगळ्यांना बोलावलं. पुरावा पटला तर अर्ज संसदेच्या समितीपुढे जाणार होता.

गुकने भर बैठकीत फोन उंचावला. "हा पुरावा! कंपनी पैसे खाऊन प्योला वर बसवते!"

"मला?" प्यो ताडकन उठला. "गुकदादा, लाज वाटू द्या जरा. वर तर तुम्ही आहात!"

त्याच्या फोनवर खरोखरच गुक पहिला होता आणि प्यो चौदावा.

"सहा महिने झोप नाही मला तुमच्यापायी. दर तासाला उघडून बघतो तुमचं दुकान!"

बांगबाईंनी दोन्ही फोन शेजारी ठेवून पाहिले. "तुम्ही ज्याचं दुकान सारखं उघडता, तेच दुकान अ‍ॅप तुम्हाला वर दाखवतंय, असं दिसतं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"मग खरा पहिला कोण?" दोघांनी एकदमच विचारलं.

"ते कंपनीला ठाऊक. आणि सांगायचं बंधन तिच्यावर नाही. अर्जात हेच लिहा. पैसे खाल्ल्याचं खोडा."

गुकने खोडलं. अर्ज पुढे गेला.

परतताना तो शीळ घालत होता. प्यो आपल्यावर जळतो, हे त्याला कायद्याहून गोड वाटलं होतं. दुकानात शिरताच त्याने सुनरेला सगळं सांगितलं. "म्हणजे माझ्या फोनचं काही खरं नाही. तू तर त्याच्या दुकानाकडे ढुंकूनही बघत नाहीस. खरा नंबर तुझ्याच फोनवर कळेल. दे बघू."

"आत्ता कशाला? तेल तापलंय."

पण फोन समोरच पडला होता. गुकने अ‍ॅप उघडलं. प्यो पहिला. नावाखाली बारीक अक्षरं होती: "या, या! ही तुमची बावन्नावी ऑर्डर. मुळ्याचं लोणचं नेहमीसारखं जास्तच ना?"