गुडघ्याने केलेला घात

लेनर्ड पिकरिंग हा इंग्रजीचा निवृत्त मास्तर आणि गेली अकरा वर्षं इंग्लंडातल्या हॅदरबेक गावाच्या फुला-भाज्यांच्या प्रदर्शनाचा अध्यक्ष. सगळ्यात लांब गाजरापुढे पहिल्या नंबरचं कार्ड तो ठेवायचा. वर्षातला तेवढा एक दिवस गाव त्याला पुन्हा मास्तर मानायचं, आणि त्या दिवसावरच तो जगायचा.

वार्षिक सभेच्या सकाळी रेडिओवर बातमी लागली, लंडनात कुणा मंत्र्याला 'आउस्ट' केलं. झालं, मास्तर जागा झाला.

"एनिड, आउस्ट म्हणजे पदावरून हुसकणं. फ्रेंच बोलणाऱ्या वकिलांनी आणलेला शब्द. पण मूळ लॅटिनमध्ये अर्थ काय, तर वाट अडवून उभं राहणं."

"चहा गार होतोय," बायको म्हणाली.

"मला कोण हुसकणार म्हणा."

त्यातही तथ्य होतं. दरवर्षी सभेत तो म्हणायचा, "आता दुसऱ्या कुणी सांभाळावं." सगळे "छे, भलतंच काय" म्हणायचे, आणि तो नाइलाज झाल्यासारखा पुन्हा बसायचा. यंदा त्याला आग्रह जरा जास्तच हवा होता. म्हणून त्याने पदरची भर घातली, गुडघा फार दुखतो, झोप लागत नाही. (आदल्याच दिवशी त्याने बटाट्याचे दोन वाफे खणले होते.)

आता दुखणाईताला आग्रह करायचा म्हणजे इंग्रज माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"मिस्टर पिकरिंग, बोलला कसे नाहीत इतके दिवस?" पोस्टातल्या मिसेस थ्वेट कळवळल्या. "आम्ही आपले दरवर्षी तुम्हाला भरीला घालतोय."

"तसं अगदीच काही दुखत नाही..."

"बघा, अजून आमचंच मन राखताहेत."

त्यांनी अध्यक्षपदासाठी शेजारीच बसलेल्या एनिडचं नाव सुचवलं, पाद्रीबाबांनी अनुमोदन दिलं, भराभर हात वर झाले. आपला एकट्याचा खाली राहिलेला बरा दिसेना म्हणून लेनर्डनेही हात वर केला. निवड एकमताने झाली.

घराच्या दारातच तो थांबला. त्याला खरोखर वाईट वाटलं होतं.

"तू तरी सांगायचंस ना, गुडघा धडधाकट आहे म्हणून."

"चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडू?" एनिड म्हणाली. "आणि दारात काय उभा राहिलास? वाट अडवणाऱ्याचं पुढे काय होतं, ते सकाळी तूच सांगितलंस. सरक, कमिटी चहाला येतेय."

लेनर्ड सरकला. तेवढ्यात फाटकातून मिसेस थ्वेट येताना दिसल्या, म्हणून उरलेली दोन पावलं त्याने लंगडत टाकली.