अकरा घड्याळं समोरच्या घरात

साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. थंडी नुकतीच सरली होती. सकाळचं ऊन खिडकीतून थेट आत येऊन घरातली धूळ बोट दाखवून मोजत होतं. अशाच एका सकाळी थोरलीने चहाचा कप ठणकन खाली ठेवला आणि जाहीर केलं, "या शनिवारी मी घर असं घासून काढणार, असं घासून काढणार, की येणारा माणूस चपला काढून हातात घेऊन उभा राहील!"

"हातात कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"उंबऱ्यावर ठेवायला त्याचा जीव होणार नाही म्हणून!"

नवरा घड्याळजी होता. दुकानातली घड्याळं तो चार दिवसांत चालू करून द्यायचा. घरी आणलेली मात्र वर्षानुवर्षं बंद राहून सुखाने नांदत होती. अशी अकरा होती. लग्नाला बावीस वर्षं झाल्यामुळे तो फक्त "बरं" म्हणाला आणि दाढी करायला उठला.

ही घोषणा काही आभाळातून पडली नव्हती. तिच्यामागे एक मासिक होतं. त्या मासिकात थोरलीच्या जावेचा, म्हणजे धाकटीचा, लेख छापून आला होता: 'वसंतातली साफसफाई: गृहिणींसाठी बारा सूचना'. वर फोटो. फोटोत धाकटी हातात पिसांचा झाडू धरून अशी हसत होती, की जणू धूळ स्वतःहून माफी मागून निघून गेली आहे. थोरलीने तो फोटो चार वेळा पाहिला. मग चष्मा पुसून पाचव्यांदा पाहिला.

"बघा, बघा! तिच्या डोक्यावर कोपऱ्यात जाळं आहे!"

"छपाईची रेघ आहे ती," घड्याळजी म्हणाला.

"तुम्ही तिचीच बाजू घ्या!"

दोघी एकाच मजल्यावर समोरासमोर राहायच्या. मधे चार पावलांचा पॅसेज. दीर नकाशे काढायच्या खात्यात, महिन्यातले पंचवीस दिवस फिरतीवर. त्यामुळे धाकटीच्या घरात पसारा करायलाही कोणी नव्हतं. थोरली तिच्याकडे वाटीभर साखर मागायला गेली तरी परत येताना पोटात दुखायचं. काय ते स्वयंपाकघर! डबे उंचीप्रमाणे उभे, शाळेतल्या पोरांसारखे. ओटा असा, की त्यात तोंड पाहून कुंकू लावावं.

हे सगळं तिने गिळलं असतं. पण त्याच आठवड्यात सासूबाईंचं पत्र आलं. सासरे गेल्यापासून चार वर्षं त्या मुलीकडे होत्या. पत्रात लिहिलं होतं: 'आता मुलांकडे यावं म्हणते. रविवारी सकाळी पोचेन. दोन्ही घरं बघेन, जिथं मन लागेल तिथं ट्रंक ठेवीन.'

थोरलीने पत्र दोनदा वाचलं. धाकटी घरात आल्यापासून सोळा वर्षं तिने सासूबाईंच्या तोंडून एकच पाढा ऐकला होता: धाकटीचा हात स्वच्छ, धाकटीची नजर स्वच्छ, धाकटीची चटणीसुद्धा स्वच्छ! आणि सासूबाईंचं जुनं घर रिकामं करायची वेळ आली, तेव्हा काय झालं होतं? सासूबाई आधीच मुलीकडे गेल्या होत्या. धाकटी म्हणाली, "माझ्याकडे जागा नाही हो वहिनी," आणि आठवण म्हणून एक चमचा घेऊन गेली. एक चमचा! बाकी सगळं थोरलीने ओढत आणलं. सासऱ्यांची आरामखुर्ची, सासूबाईंचं पायाचं शिवणयंत्र, भिंतीवरचं मोठं घड्याळ, जे या हलवाहलवीत बंदच पडलं, सतरंज्या, कंदील, दोन ट्रंका. म्हणून तर तिच्या घरात आडवं चालायला लागायचं. पण हे सासूबाईंना कोण सांगणार? सांगितलं तर बढाई, नाही सांगितलं तर पसारा.

"या वेळी ट्रंक माझ्या घरात," थोरली आरशाला म्हणाली. आरसा धुळकट होता.

शनिवारी सकाळी आठ वाजता डोक्याला फडकं बांधून मोहीम सुरू झाली. दारामागे धाकटीचा लेख टाचणीने लावला होता. शत्रूचीच तलवार, पण धार चांगली!

पहिली सूचना: आधी छत, मग भिंती, फरशी शेवटी. "जसं काही आम्ही फरशी पुसून मग जाळी काढतो!" थोरली फणकारली. बावीस वर्षं ती नेमकं तेच करत होती.

चौथी सूचना: प्रत्येक वस्तू हातात घ्या, वर्षभरात उपयोगी पडली का ते स्वतःला विचारा.

"मग मी पडलो का गं?" घड्याळजीने दबकत विचारलं.

"बादली भरा. विचार चालू आहे."

सातवी सूचना: गादीवर खाण्याचा सोडा भुरभुरा, तासभर उन्हात ठेवा, मग झटका. बारावी सूचना: एका दिवशी एकच खोली, घाई नको. ही सूचना थोरलीने मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "ही नाजूक बायकांसाठी आहे."

आणि तिन्ही खोल्या एकदम बाहेर काढल्या!

नऊ वाजता पॅसेज भरला. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई गच्चीवर कपडे वाळत घालायला निघाली, ती जिन्यातच अडकली.

"अहो वहिनी, घर बदलताय का?"

"बदलतेय कशाला! आवरतेय!"

"मग मी कपडे वाळत घालू कुठं? तुमच्या टीपॉयवर?"

आता काय करावं? तेवढ्यात थोरलीला आठवलं: समोरची किल्ली आपल्याकडे आहे. धाकटी दोन दिवस माहेरी गेली होती आणि कुंड्यांना पाणी घालायला किल्ली देऊन गेली होती. संध्याकाळी सहाला येणार. म्हणजे नऊ तास!

"एक स्टूल ठेवते फक्त," थोरली म्हणाली.

स्टूल एकटं कसं राहणार? त्याच्या सोबतीला टीपॉय गेला. टीपॉयवर दोन घड्याळं. मग वाटलं, दोन नेली तर बाकी नवांनी काय पाप केलं? अकराही गेली. आत पाऊल टाकलं की धाकटीची ती चकचकीत फरशी डोळ्यांत सलायची, आणि थोरलीला मनातल्या मनात वाटायचं, असू दे, हिलाही जरा धूळ कशी असते ते कळू दे! झटकून ठेवायच्या सतरंज्या तिने न झटकता ठेवल्या. हे पाप तिने पुढे कधीच नाकारलं नाही.

तरीही जड सामान घरातच होतं. ते बाहेर काढलं नवव्या सूचनेने. नववी सूचना: तेलकट ओट्याला सोडा आणि व्हिनेगर, एका वेळी चमचाभर. आता चमचाभराने धाकटीचा ओटा निघेल; थोरलीच्या ओट्यावर बावीस वर्षांच्या फोडण्या होत्या! तिने बादलीत सोड्याचा अख्खा पुडा ओतला आणि वरून व्हिनेगरची अख्खी बाटली.

बादलीने क्षणभर विचार केला. मग ती उसळली!

"अहो, धावा!"

घड्याळजी धावत आला आणि घसरून जिथून आला होता तिथेच परत गेला. फेस ओट्यावरून खाली, खालून दारात, दारातून बैठकीत. दूध उतू जातं तेव्हा निदान गॅस बंद करता येतो. हे बंद कुठून करायचं?

"यंत्र उचला! आईंचं यंत्र भिजेल!"

यंत्र उचललं. खुर्ची उचलली. ट्रंका ढकलल्या. भिंतीवरचं मोठं घड्याळ थोरलीने पोरासारखं कडेवर घेतलं, समोर नेलं आणि धाकटीच्या भिंतीवर एक रिकामा खिळा होता त्याला अडकवून टाकलं. ठेच लागून ते घड्याळ वाटेत दाराच्या चौकटीवर दणकन आपटलं होतं, पण तिकडे बघायला वेळ कोणाला होता!

मग बारा बादल्या पाणी. मग पुसणं. एक वाजता थोरली कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिला स्वतःचंच घर ओळखू येईना. फरशी चमकत होती. भिंतीला भिंत दिसत होती. घरात एक खिळासुद्धा वर नव्हता, एक चिंधी खाली नव्हती.

"आता येऊ दे उद्या आईंना!" ती म्हणाली.

खालून शिंपीणबाईची हाक आली. "वहिनी! अहो, सासूबाई आल्या तुमच्या!"

"उद्या!" थोरली वरून ओरडली.

"त्यांना सांगा ते! जिना चढतायत त्या!"

कोणाची तरी गाडी इकडे येत होती म्हणून सासूबाई एक दिवस आधीच निघाल्या होत्या. त्या दारात आल्या. थोरलीच्या नाकावर काजळी, पदर गुडघ्यापर्यंत भिजलेला. पण चेहऱ्यावर दिग्विजय!

"या आई! बघा!"

सासूबाईंनी बघितलं. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. मग हलक्या आवाजात विचारलं, "चोरी झाली का गं?"

"नाही हो! आवरलंय!"

"आणि हा वास? दवाखान्यात येतो तसा."

"व्हिनेगर आहे. मासिकात दिलंय."

"बरं. बसू कुठं?"

थोरलीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. घरात बसायला बादली होती. घड्याळजीने ती पालथी घालून पुढे सरकवली. सासूबाई बसल्या नाहीत.

"माझं यंत्र कुठाय गं? आणि यांची खुर्ची? मला वाटलं होतं, तुझ्याकडे असेल."

थोरलीने तोंड उघडलं. काय सांगायचं? तुम्हाला माझं घर स्वच्छ दिसावं म्हणून जावेच्या घरात, तिच्या पाठीमागे, तिला न विचारता कोंबलंय? ती म्हणाली, "आहे हो आई. जपून ठेवलंय."

"कुठं?"

आणि त्याच क्षणी समोरच्या घरातून ठोके पडले. एक, दोन, तीन, चार. दुपारी एक वाजता चार ठोके!

घड्याळजीच्या हातातलं फडकं गळून पडलं. हे घड्याळ तो चार वर्षं दुरुस्त करत होता!

"हे आपलं घड्याळ," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "चाळीस वर्षं ऐकलाय मी हा ठोका." आणि त्या वळून पॅसेज ओलांडून सरळ समोरच्या उघड्या दारात शिरल्या.

मागोमाग थोरली धावली. पण काय उपयोग? सासूबाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. भिंतीवर घड्याळ. खिडकीपाशी शिवणयंत्र. कंदील, सतरंज्या, ट्रंका. त्यांनी यंत्राच्या चाकावर हात ठेवला, आरामखुर्चीच्या दांडीवरून बोटं फिरवली आणि हळूच खुर्चीत बसल्या. मग पदर डोळ्यांना लावला.

"सगळं ठेवलं गं तिने. सगळं." मग पदराआडून थोरलीकडे बघितलं. "तू टाकून दिलंस, आणि तिने एकेक उचलून आणलं होय?"

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते थोरलीला त्या दिवशी कळलं. "आई, हे मी... हे सगळं माझ्याकडचं..."

"तुझ्याकडचंच ना! तेच तर म्हणतेय मी. तुझ्याकडून तिच्याकडे आलं."

"आई, अगं, ऐक तर," घड्याळजी मधे पडला.

"तू गप्प बस. तुला घड्याळ दुरुस्त करता आलं नाही. धाकटीने करून दाखवलं!"

यावर तो बिचारा खरंच गप्प बसला. त्याच्या धंद्याचा प्रश्न होता.

आणि मग दारात धाकटी उभी राहिली. हातात पिशवी. सहाला येणारी ही बया दीडलाच आली! तिने आपल्या घराकडे पाहिलं. चकचकीत फरशीवर धुळीच्या सतरंज्या, ओट्यावर बंद घड्याळं, कुंडीत कंदील. तिचं तोंड उघडलं. तिने थोरलीकडे पाहिलं: डोक्याला फडकं, नाकाला काजळी, डोळ्यांत पाणी. समोरच्या रिकाम्या घराकडे पाहिलं. बाई हुशार होती. तिला सगळं कळलं.

थोरलीने मान खाली घातली. आता ही बोलणार. आता सगळी अब्रू जिन्यातून खाली शिंपीणबाईपर्यंत!

"पोरी," सासूबाईंनी हात पसरले, "किती जपलंस गं!"

धाकटीने पिशवी खाली ठेवली. मग खाली वाकून नमस्कार करत म्हणाली, "टाकवेना हो आई."

थोरलीची अब्रू वाचली आणि सासू हातची गेली! तिने आभार मानावेत की झिंज्या उपटाव्यात? ती काहीच न करता घरी आली आणि पालथ्या बादलीवर बसून मनसोक्त रडली. घर इतकं रिकामं होतं, की प्रत्येक हुंदका दोनदा ऐकू येत होता.

ट्रंक धाकटीकडे ठेवली गेली.

पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. सासूबाई धाकटीकडे अकरा वर्षं राहिल्या आणि त्यांनी त्या सामानातली एक सतरंजीसुद्धा हलवू दिली नाही. आता धाकटीच्या घरात आडवं चालायची वेळ आली. मासिकाने पुढच्या वसंतात पुन्हा लेख मागितला, तेव्हा तिने 'प्रकृती बरी नाही' असं कळवलं, आणि ते काही खोटं नव्हतं. शिंपीणबाई पुढे मुलाकडे गेली. जाताना म्हणाली, या जिन्यासारखी करमणूक कुठे नाही. घड्याळजीची घड्याळं तिकडेच राहिल्यामुळे तो रोज संध्याकाळी आईच्या पायाशी बसून ती खोलू लागला आणि मरेपर्यंत त्यातली दोन चालू केली. ते भिंतीवरचं मोठं घड्याळ मात्र त्याने पुन्हा हातात घेतलं नाही. म्हणायचा, चाललंय ते बिघडवायला नको.

थोरली रोज दुपारी समोर जायची. आपल्याच वस्तूंची धूळ झटकायला! सासूबाई खुर्चीतून बघत म्हणायच्या, "धाकटीच्या हाताखाली तुलाही चांगलं वळण लागलं गं." थोरली फडकं पिळायची. ते कोरडं असायचं, तरी पिळायची.

सासूबाई जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. दीर गेले, घड्याळजी गेला. उरल्या त्या दोघी, समोरासमोर. दोघींचे गुडघे दुखतात. साफसफाईला मशीन घेऊन दोन मुली येतात, आणि त्या नीट करत नाहीत यावर दोघींचं एकमत असतं. धाकटीच्या स्वप्नात सासूबाई येतात म्हणे, आठवड्यातून एकदा. थोरलीच्या स्वप्नात आजवर एकदाही आल्या नाहीत.

"माझ्याकडे कशाला येतील?" थोरली म्हणते. मग चहा ओतता ओतता विचारते, "काल आल्या होत्या का गं? माझं काही विचारलं?"

"विचारलं ना. म्हणाल्या, थोरली फार वाळली गं."

थोरली वजनकाट्यावर उभी राहिली तर काटा शंभर किलोच्या घरात थबकतो. पण ती पदर सारखा करते, खुर्चीत मागे टेकते आणि विजयी मुद्रेने म्हणते, "बघ! आईंनाच तेवढं दिसतं!"