शेवटची खात्रीची जागा

आमच्या विठ्ठलवाडीच्या चाळीत जाधवकाकांना कुणी पत्ता विचारू नये. एकदा एका सिंधी कापडवाल्याने विचारला. काकांनी चष्मा पुसला आणि उलट त्यालाच विचारलं, "तुम्हाला खात्री असलेली शेवटची जागा कोणती?"

"स्टेशन."

"मग परत स्टेशनला जा. तिथून नव्यानं सुरू करा."

"अरे साईं, दो मिनट का रास्ता होगा, बोल दो ना!"

"चुकलेल्याला रस्ता सांगितला की तो पुढच्या वळणावर परत चुकतो," काका म्हणाले. तो बिचारा खरंच स्टेशनकडे वळला. त्याला हवं असलेलं घर काकांच्या शेजारचंच होतं.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. चाळिशी उलटल्यावर त्यांना नकाशा-शर्यतीचं वेड लागलं. बदलापूरचा एक गिर्यारोहकांचा ग्रुप दर हिवाळ्यात खरवईमागच्या डोंगरात ही शर्यत घ्यायचा. हातात नकाशा, होकायंत्र आणि एक कार्ड. रानात लपवलेले झेंडे क्रमानं शोधायचे, प्रत्येक झेंड्यापाशी कार्डावर खूण करायची आणि वेळेत परतायचं. कुणाला विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. काका कारखान्याचं पिवळं हेल्मेट घालून पळायचे आणि दरवर्षी चुकायचे. एका वर्षी घाईत नकाशा उलटा धरला आणि थेट वीटभट्टीवर पोहोचले. भट्टीवाल्यानं चहा पाजला. पुढच्या वर्षी झेंड्याचा नंबर न बघताच खूण केली. त्याच्या पुढच्या वर्षी प्रत्येक नंबर इतक्या वेळा तपासला, की आयोजक त्यांना शोधायला निघाले.

"पण जुनी चूक एकदा तरी केली का?" ते छाती काढून विचारायचे. "दरवर्षी नवी!"

रानातला नियम त्यांनी चाळीतही आणला. नळावर भांडण पेटलं, की काका मध्ये उभे. "थांबा. शेवटची खात्रीची गोष्ट काय होती?"

"बादली माझी होती, ही खात्रीची!" दोन्हीकडून एकदम उत्तर यायचं.

आमटी खारट झाली तेव्हा काकू कडाडल्या होत्या, "मग आता मागे जाऊ? डाळ निवडण्यापासून सुरू करू?"

मला त्यांचं हे मागे जाणं मुळीच पटत नसे. मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. बाबा चळवळीतले; ते सभेला निघाले, की पत्रकांचा गठ्ठा माझ्या डोक्यावर असायचा. एक पाऊल मागे म्हणजे गद्दारी, असं मी स्वतःच एका पत्रकात छापलं होतं. काकांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "पुढे जाणं आणि भरकटणं, लांबून सारखंच दिसतं रे."

काकूंचा आणि त्यांचा एकच वाद होता. खरवईत त्यांनी फ्लॅट घेऊन ठेवला होता. किल्ली दारामागच्या खिळ्याला लटकत होती, काकूंची भांडी गोणीत बांधून तयार होती, आणि काका हलत नव्हते. कधी म्हणत पाण्याला जोर नाही, कधी म्हणत इमारतीत लोखंड फार, होकायंत्र नीट चालत नाही. शेतं गिळणाऱ्या बिल्डरांविरुद्धचं माझं जळजळीत पत्रक मी काकांच्या मदतीला नेऊन दिलं. काकूंनी त्यावर मेथी निवडली.

शेवटी काकूंनी अट घातली. "या वर्षी वेळेत परतलात तर फ्लॅटचं नाव काढणार नाही. नाही परतलात, तर होळीच्या आत मुक्काम खरवई."

काका प्रथमच घाबरलेले दिसले. त्या वर्षी मीही नाव दिलं होतं.

शर्यतीत ते माझ्या थोडे आधी सुटले. मी एका दगडी बंधाऱ्यापर्यंत नीट आलो, झेंडा मिळाला. तेवढ्यात पाचसहा जण ओढ्याच्या बाजूनं जोरात उतरताना दिसले. एवढे लोक चुकतील कसे? मी त्यांच्यामागे धावलो. ते दुसऱ्या गटाचे होते, त्यांचे झेंडेच वेगळे. हे कळलं तेव्हा मी करवंदीच्या जाळीत एकटा होतो. घड्याळ पळत होतं. जितकं धावावं तितक्या सगळ्या टेकड्या सारख्या दिसायला लागल्या. शेवटी गद्दारी करून मी बंधाऱ्याकडे मागे फिरलो.

बंधाऱ्यावर पिवळं हेल्मेट दिसलं. काका माझ्याकडे पाठ करून बसले होते. मी जवळ आल्यावर उठले, पँट झटकली आणि एक शब्दही न बोलता आपल्या वाटेनं पळत सुटले. मी नकाशा उघडला. आम्ही पोहोचलो तेव्हा आयोजक बॅनर गुंडाळत होते. काकांच्या कार्डावर बंधाऱ्याच्या पुढच्याही झेंड्याची खूण होती. वरून मला चुकताना बघून ते तिथून खाली उतरले होते.

"काका, थांबलात कशाला? अट होती ना!"

"तू परत येशील असं वाटलं," ते म्हणाले. "परत आल्यावर तिथं कुणी नसलं, तर माणूस घाबरतो."

काही वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा मिलिंद इंजिनिअरिंग अर्धवट सोडून आला होता. त्या संध्याकाळी काका त्याला जे बोलले ते सगळ्या चाळीनं ऐकलं. सकाळी मिलिंद नव्हता. पुढे पत्र नाही, फोन नाही. आणि त्याला ठाऊक असलेलं घर हे एकच.

आम्ही चाळीत परतलो तेव्हा काकू दारातच होत्या. "कुठं चुकलात?"

"नाही चुकलो. उशीर झाला," काका म्हणाले आणि स्वतःच खिळ्यावरची किल्ली काढायला गेले.

मग मी सगळं सांगितलं. काकूंनी काकांच्या हातातली किल्ली घेतली, परत खिळ्याला अडकवली आणि म्हणाल्या, "भाड्यानं देऊन टाका तो फ्लॅट."

मग गोणीची गाठ सोडून त्यांनी तीन ताटं काढली. माझ्यासमोर ठेवलेल्या ताटाच्या काठावर नाव कोरलेलं होतं, चि. मिलिंद.

"अगं, ते त्याचं," काका हळूच म्हणाले.

"तो आला की त्याला देऊ," काकू म्हणाल्या. "आत्ता हा परत आलाय. वाढू द्या."