आप्पा टाकी हुंगतात

माझे चुलत सासरे गेले तेव्हा आप्पा भेटायला आले. ओसरीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, बराच वेळ जमिनीकडे बघत राहिले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग आप्पांनी गेलेल्या माणसाच्या थोरल्या मुलाकडे मान वळवली आणि हलक्या आवाजात विचारलं, "विडरच्या टाकीत पेट्रोल हाय का रं?"

आप्पांनी तोच प्रश्न आवाज चढवून परत विचारला. उत्तर येईना तेव्हा उठले, गोठ्यामागच्या शेडमध्ये गेले, मशीनच्या टाकीचं झाकण फिरवलं, नाक खाली नेऊन हुंगलं, आणि भरल्या घराला ऐकू जाईल असे ओरडले, "गेला त्यो सुटला. ह्ये मागं कुजतंय त्याचं काय?"

मी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं सोडलं. उपयोग झाला नाही. आप्पांशी कुणी बोलायचं थांबलं तर ते त्यांच्या ध्यानातच येत नाही.

खुटबावच्या शिवारात त्यांचा आणि आमचा बांधाला बांध आहे. सून म्हणून मी इथे आले तेव्हापासून हा माणूस मी रागावलेलाच पाहिला आहे. राग एकाच गोष्टीचा. विडर म्हणजे उसाच्या सरीतून चालवायचं पेट्रोलवरचं छोटं मशीन. माती हलवतं, तण काढतं. उसाच्या बुडाला मातीची भर देऊन बांधणी झाली, ऊस डोक्याच्या वर गेला, की त्याचं काम संपतं आणि ते पुढच्या लागणीपर्यंत, म्हणजे नवा ऊस लावेपर्यंत, कोपऱ्यात जाऊन पडतं. लोक ते आहे तसं, टाकीत पेट्रोल ठेवून, वर गोणपाट टाकून विसरून जातात. आप्पांच्या दृष्टीनं जगातली सगळी पापं एकीकडे आणि हे एकीकडे.

"मशीन झोपवायचं आसतं, टाकायचं न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लग्नात, पारावर, बँकेच्या रांगेत, कुठेही येतं.

झोपवायचं कसं, हे त्यांनी मला आमच्याच शेडमध्ये शिकवलं. शिकवलं म्हणजे शिव्या द्यायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. माझे मिस्टर शिरूरकडच्या कंपनीत शिफ्टला जातात, त्यामुळे विडर माझ्याच गळ्यात. आप्पा न विचारता आत शिरले, टाकी हुंगली, आणि माझ्या माहेरच्यांपासून सुरुवात केली. मग मला समोर उभं करून सगळं करून घेतलं. टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढायचं. मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे नळीतलं संपतं. मग कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून तळाशी राहिलेले थेंबही सांडू द्यायचे. प्लग काढून त्या भोकात थोडं ऑइल, दोर हळूहळू ओढून ते आत पसरवायचं, प्लग परत, एअर फिल्टर झटकून वर कापड. मी स्क्रू उलटा फिरवला तर म्हणाले, "पोळ्या बी अशाच लाटती का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण पुढच्या लागणीला आमचा विडर कुरकुर न करता सुरू झाला, हेही खरं.

इथेनॉलचा विषय निघाला तर आप्पांपासून लांब बसावं. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळतात आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. मशीन महिनोन्महिने पडून राहिलं की तळाशी पाणी साचतं, गंज धरतो, उरलेल्या पेट्रोलचा चिकट थर होतो आणि कार्ब्युरेटरची बारीक छिद्रं बुजतात. इतपत कुणीही शांतपणे सांगेल. आप्पा सांगतात तेव्हा मानेची शीर फुगते. "ऊस कुणी लावला? आपन. पानी कुणी दिलं? आपन. त्यो कारखान्यात गेला, त्याचं इथेनॉल झालं, पंपावर आलं, आन् आपल्याच काब्रेटरात जाऊन बसलं. आपलाच ऊस आपल्या उरावर." मग समोरच्याकडे असं बघतात, जणू कारखाना त्यानंच काढला आहे.

तर अशा या माणसाच्या शेजारी, एका भिंतीपलीकडे, त्यांचा धाकटा भाऊ राहतो. नाना. दोघांत बोलणं नाही.

पूर्वी एकत्र होते. डाळिंबाची बाग होती, फवारणीचा पेट्रोलवरचा पंप होता, आणि पंप नानांच्या ताब्यात होता. नानांनी तो टाकीत पेट्रोल ठेवून तसाच टाकून ठेवला. बागेवर रोग आला, ढगाळ हवा, तातडीनं फवारायचं, आणि पंप सुरू होईना. दोर ओढून ओढून नानांच्या तळहाताची सालं निघाली. दौंडहून मेकॅनिक येईपर्यंत बाग हातची गेली. नेमके त्याच दिवशी नानांच्या सासरचे लोक आलेले. त्यांच्यासमोर, गड्यांसमोर, अर्ध्या आळीसमोर आप्पा म्हणाले, "ह्याच्या हाताला यश न्हाई. जल्मात येणार न्हाई."

त्याच आठवड्यात नानांनी वेगळी चूल मांडली आणि मधली भिंत घातली. हे मला सासूबाईंनी सांगितलं, भाकरी थापता थापता, जणू काल घडलं आहे.

आता गंमत बघा. नाना अजूनही विडरमधून पेट्रोल काढत नाहीत. बांधणी झाली की टाकी भरलेली तशीच ठेवतात, आणि चारचौघांत तसं सांगतात. लागण आली की मशीन अंगणात काढतात, नवं पेट्रोल ओततात, भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या जोरात सगळ्यांना बोलावतात आणि दोर ओढतात. पहिल्या हिसक्याला सुरू. दर वेळी. मग नाना भिंतीकडे तोंड करून म्हणतात, "आपन काय झोपवत बी न्हाई आन् उठवत बी न्हाई." लोक हसतात. बांधणीनंतरच्या दिवसांत आपल्या मोटारसायकलच्या ॲव्हरेजबद्दलही ते असंच काहीबाही फुगवून सांगतात, पण ते कुणी मनावर घेत नाही. विडरचं मात्र सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं.

भिंतीपलीकडून आप्पांचा आवाज येतो, "कंपनीच्या चुकीनं एखादं मशीन आसं निघतं." गावभर दुसऱ्यांच्या टाक्या हुंगत फिरणाऱ्या माणसाला त्याच्या भिंतीला लागून असलेलं मशीन खोटं पाडतं, यासारखी करमणूक आमच्या गावात दुसरी नव्हती. मलाही मजा वाटायची. पोळ्यांचं बोलणं मी विसरले नव्हते.

मागच्या लागणीच्या वेळी आमच्या शेतकरी गटानं फवारणीचा एक मोठा पंप घेतला. सगळ्यांनी मिळून वापरायचा, पण सांभाळायचा कुणी एकानं. आप्पा बैठकीला इस्त्रीचा सदरा घालून आले होते. मी त्यांना इस्त्रीच्या सदऱ्यात कधी पाहिलं नव्हतं. पंप त्यांना हवा होता. ज्या गोष्टीवरून आयुष्यभर हसू झालं तीच गोष्ट गावानं आपणहून आपल्या हातात द्यावी, एवढीच इच्छा होती, आणि ती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

कुणीतरी म्हणालं, आप्पांकडे दिला तर आपल्याला पंपाला हात लावायच्या आधी अंघोळ करावी लागेल. दुसरा म्हणाला, एवढी कटकट कशाला, नानांचा विडर काही न करता चालतो, पंप नानांकडेच द्या. हशा झाला आणि हशातच ठराव झाला. नाना मान खाली घालून बसले होते. ज्या हाताला यश नाही म्हणून जाहीर झालं होतं त्याच हातात गावानं पंप दिला. आप्पा उठले, "कुजवा," एवढंच म्हणाले आणि गेले. तिथे ओरडायला पाहिजे होतं तर ओरडलेसुद्धा नाहीत.

या वर्षीची बांधणी उरकली. बाजाराच्या दिवशी नाना आणि नानी डेमू गाडीनं, रेल्वेनं, दौंडला गेले. त्यांचं घमेलं माझ्याकडे राहिलं होतं, ते ठेवायला मी दुपारी त्यांच्या शेडकडे गेले. दाराला कडी घातलेली नव्हती. आत आप्पा.

खाली बसले होते. समोर नानांचा विडर आणि गटाचा पंप. दोन्हींच्या टाक्या उघड्या, पुढ्यात कॅन, कॅनवर नरसाळं. कार्ब्युरेटरच्या वाटीतून शेवटचे थेंब चिंधीवर पडत होते आणि आप्पा त्यांच्याकडे बघत होते. मला पाहून दचकले, मग नेहमीसारखे भडकले. "वाजवून यायला काय झालं?"

मी दारातच बसले. सगळं लख्ख कळलं आणि इतका संताप आला की घमेलं हातातून खाली आपटलं. दर वर्षी तुम्हीच करता का, विचारलं. त्यांनी प्लगच्या भोकात ऑइल सोडलं. मग मी त्यांना चांगलंच सुनावलं. गाव तुम्हाला हसतं, बैठकीत तुमची फजिती झाली, पंप गेला, आणि ज्या एका शब्दानं सगळ्यांची तोंडं बंद झाली असती तो शब्द तुम्ही गिळून बसलात. दुसऱ्याच्या मयतीला जाऊन ओरडता, तेव्हा कुठून येतो आवाज?

आप्पा दोर हळूहळू ओढत होते. ऑइल आत पसरेपर्यंत ओढत राहिले.

"मी बोललो व्हतो त्याच्या हाताला यश न्हाई," ते म्हणाले. "समद्यांच्या देखत बोललो. आता समद्यांच्या देखतच सुरू व्हाया पायजे."

त्यांनी प्लग घट्ट केला, हात पुसले, कॅन उचललं आणि शेडच्या बाजूला उभ्या असलेल्या नानांच्या मोटारसायकलच्या टाकीत ते पेट्रोल ओतलं. त्याचं पेट्रोल त्याच्याच गाडीत, आपण चोर नाही, असं मलाच दरडावून सांगितलं. मी विचारलं, पण टाकी रिकामी दिसल्यावर नानांना कळत नाही का?

"त्याला वाटतं उडून जातं," आप्पा म्हणाले. "बारकेपनापास्नं तसाच हाय. बावळट." आणि नरसाळं पुसत पुटपुटले, "एक बरं हाय. कॅन आन् नरसाळं तेवढं हाताशी ठेवतो. बाकी समदा पसारा."

घरी येऊन मी भांडी आपटत होते. झाकण घट्ट लावलेली टाकी भरून ठेवावी, ती पूर्ण कोरडी सापडावी, आणि ज्याची आहे त्याला वाटावं की उडून गेलं? तेही दर वर्षी, आणि मोटारसायकलचं ॲव्हरेज नेमकं बांधणीनंतर वाढावं?

संध्याकाळी नाना-नानी परतले. नानी पिशव्या घेऊन घरात गेली. नाना आधी मोटारसायकलपाशी गेले. झाकण उघडलं, आत डोकावले, झाकण लावलं आणि त्यावरून हात फिरवला. मग शेडमध्ये जाऊन नरसाळं खुंटीला अडकवलं, कॅन त्याच्याखाली नीट ठेवलं.

मी बांधावरून थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, तुम्हाला माहीत आहे. दोन म्हाताऱ्यांनी मिळून गावाला आणि मला येड्यात काढलंय. पंप तुमच्याकडे आला तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं.

नाना आधी हसले, मग हसू राहिलं नाही. पंप घेतला नसता तर तो गावात दुसऱ्या कुणाकडे कुजला असता आणि थोरल्याचा जीव तिकडे अडकला असता, असं काहीतरी म्हणाले. मी म्हटलं, मग टाकी तरी स्वतः रिकामी करा. तो माणूस गुडघे धरून उठतो आताशा.

"येतंय मला समदं," नाना म्हणाले. "डाळिंब गेलं तवाच शिकलो. पर सूनबाई, मी पेट्रोल काढलं तर त्यो माझ्या दारात कवा यायचा?"

तेवढ्यात भिंतीपलीकडे आप्पा कुणावर तरी भडकले. गवत कापायचं मशीन, गेल्या पावसाळ्यापासूनचं पेट्रोल, इथेनॉल, उरावर, सगळं क्रमानं आलं. ऐकणारा मुकाट्यानं ऐकत असावा. नाना भिंतीला पाठ टेकवून उभे राहिले आणि मला हातानं गप्प राहायची खूण केली. शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं.

"आवाज बसलाय त्याचा," म्हणाले. "पलीकडं काकूला सांग, काढा द्या म्हणावं. माझं नाव घेऊ नको."

इतका राग आला होता मला त्या दोघांचा. नाना घरात निघाले. जाताना शेडचं दार त्यांनी नुसतं लोटलं, कडी घातली नाही. मी तशीच वळसा घालून आप्पांच्या बायकोकडे, काकूंकडे गेले आणि काढ्याचं सांगून आले.