हाल्वारची चवड आणि माग्निलचा दिवा

हाल्वारने त्या वर्षी सरपण गोठ्यामागे न रचता घरासमोर रचायचं ठरवलं, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

ठरवायला कारणही तसंच घडलं होतं. गोठ्यामागची जागा ओलसर. मागच्या हिवाळ्यात शेजारची माग्निल कॉफीला आली असताना शेगडीतलं लाकूड सूं सूं करायला लागलं, ते काही केल्या थांबेना. माग्निलने वाफलवर तपकिरी चीजचा काप ठेवता ठेवता एवढंच म्हटलं, "हाल्वार, तुझं लाकूड रडतंय रे."

झालं! आमच्या खोऱ्यात माणसाला खोटारडा म्हणा, कंजूष म्हणा, तो हसून सोडून देईल. त्याचं सरपण ओलं म्हणू नका. हाल्वार तर जन्मभर वीजमंडळात वायरमन, हिमवादळात खांबावर चढलेला गडी. तो कुणाला घाबरत नसे. (बायकोला घाबरायचा. पण तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती, आणि घाबरायला म्हणूनसुद्धा घरात कुणी उरलं नव्हतं.)

वसंत लागायच्या आत त्याने बर्चची झाडं पाडली, फोडली, आणि त्याचं घर नि माग्निलचं घर यांच्या मधल्या मोकळ्या जागेत चवड रचायला घेतली. तिथे ऊन होतं, नदीवरचा वारा होता. मुख्य म्हणजे ती जागा माग्निलच्या खिडकीसमोर होती. खाली वासे टाकून लाकूड जमिनीपासून उचललं. आतून वारा खेळेल इतकं सैल, खांदा मारला तरी ढळणार नाही इतकं पक्कं. वरच्या थराची साल आभाळाकडे, म्हणजे पाऊस ओघळून जावा. दोन रांगा जाडी. उंचीचा अंदाज मात्र जरा चुकला. लोक गाड्या थांबवून "वा, वा" करत गेले आणि हाल्वार थरावर थर चढवत गेला, शेवटी चवड त्याच्या डोक्यावरून वर निघून गेली.

माग्निल तेवढी काही बोलली नाही. उलट कॉफीला यायची बंद झाली. हेवा वाटला असेल, असं मनाशी म्हणून हाल्वारने मिशीला पीळ भरला. (मिशी नव्हती. पण मनातल्या मनात भरला.)

इतक्या उत्तरेला उन्हाळाभर रात्र म्हणून नसतेच, त्यामुळे काही कळलं नाही. मग एका संध्याकाळी अंधार पडला आणि हाल्वार आपल्या खुर्चीत येऊन बसला. त्याने खिडकीबाहेर पाहिलं.

माग्निलचा दिवा दिसत नव्हता.

आता हे त्याने कुणाला कधी सांगितलेलं नव्हतं, पण बायको गेल्यापासून त्याचा हिवाळा त्या दिव्यावर निघत होता. दुपारी तीनला अंधार पडला की पलीकडची ती छोटी पिवळी खिडकी दिसायची. म्हणजे माग्निल जागी आहे, विणत बसली असेल, असा हिशेब. तिचा दिवा मालवल्याशिवाय आपला मालवायचा नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं. पण ती बाई मुलखाची जागरण करणारी! शेवटी तोच जांभया देत हरायचा, काचेकडे बघून "शुभरात्री, माग्निल" म्हणायचा आणि झोपायला जायचा. आणि आता समोर काय, तर त्याचंच सरपण. उत्तम वाळलेलं.

चवड हलवायची? हिवाळ्याच्या तोंडावर? गावाने विचारलं असतं, "काय हाल्वार, कोसळली काय?" त्यापेक्षा मरण पत्करलं. अब्रू राखून चवड कमी करायचा एकच मार्ग होता. जाळायची!

तो जाळत सुटला. खिडकीसमोरच्या भागातलं वरचं लाकूड उचलायचं आणि शेगडीत कोंबायचं. घराचा नुसता हमाम झाला. आधी स्वेटर गेला, मग सदरा, मग विजार. बाहेर कडाक्याचं हिव आणि हाल्वार सगळ्या खिडक्या सताड उघडून बनियन-चड्डीवर घाम पुसत बसलेला. उष्म्याने दुपारी जेवण झालं की डोळाच लागायचा. अशात ओस्लोहून मुलीचा, इंगुनचा फोन आला.

"बाबा, कसला आवाज येतोय?"

"वारा गं. खिडक्या उघड्या आहेत."

"बाहेर उणे वीस आहे ना?"

"पण आत किती उकडतंय!"

मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "बाबा, आज वार कुठला?"

"इंगुन, मी शुद्धीवर आहे."

"तसं नाही रे. इथे आमच्या जवळ म्हाताऱ्यांसाठी छान खोल्या आहेत. सोबत असते, जेवण देतात. शेगडीबिगडी काही नाही."

शेगडी नाही, हे शब्द ऐकताच हाल्वारने फोन आवरता घेतला. आणि खरी गोष्ट तर त्याने तिला सांगितलीच नव्हती. ती म्हणजे, चवड कमी होत नव्हती! सकाळी तो हातभर खाच पाडायचा आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर खाच भरलेली. आपण लाकडं काढतो म्हणतो, पण काढतच नाही की काय? की झोपेत परत रचतो? इंगुनला कळलं असतं तर तिने त्याला आठवड्याच्या आत खोलीत नेऊन बसवलं असतं. खिडकीबाहेर एकही ओळखीचा दिवा नसलेल्या खोलीत. हाल्वार खरंच भ्याला.

मग एके दिवशी शेगडीतून तडतड ठिणग्या उडाल्या. हाल्वारने शेगडीचं दार उघडून पाहिलं. स्प्रूस! त्याच्या शांत जळणाऱ्या बर्चमध्ये राळेने तडतडणारा स्प्रूस! आपण कितीही भ्रमिष्ट झालो तरी बर्चच्या चवडीत स्प्रूस घालणार नाही, एवढी त्याला स्वतःची खात्री होती. त्याला इतका आनंद झाला की त्याने त्या लाकडाला सलाम ठोकला.

त्या दुपारी तो जेवून झोपला नाही. अंगावर कोट टाकून चवडीआड दबा धरून बसला. थोड्या वेळाने पलीकडून स्टूल सरकल्याचा आवाज झाला आणि चवडीवर लोकरी टोपी उगवली. टोपीखाली माग्निल होती, आणि हातात दोन लाकडं.

"माग्निल! काय चाललंय?"

"आई गं! मेल्या, पडले असते ना!" माग्निल ओरडली. "रात्रंदिवस तुझं धुराडं ओकतंय. या वेगाने फेब्रुवारीत जळण संपेल, मग काय कुडकुडत मरशील? म्हणून भर घालत होते."

"मग येऊन विचारायचं!"

"कसं येणार? स्टुलावर चढलं की रोज समोर तू, चड्डीवर, घोरत. आणि ही एवढी भिंत! मला वाटलं, लाकडावरून बोलले म्हणून माझं तोंडही नको झालं तुला."

गेल्या कित्येक वर्षांत खरं बोलायची हाल्वारला सवय राहिली नव्हती, पण तो बोलला. दिव्याचं सांगितलं, जागरणाचं सांगितलं, शुभरात्रीचंसुद्धा सांगितलं.

माग्निल स्टुलावर तशीच उभी. "कुठला दिवा?"

"मागच्या कोपऱ्यातला. लहान खिडकीचा."

"अरे, ती फ्रीझरची खोली! तिथलं बटण कधीचं बिघडलंय, बल्ब बंदच होत नाही. मी साडेसातला झोपते. तिथे फक्त माझ्या भाच्याने मारलेल्या हरणाचं अर्धं मांस आहे."

म्हणजे इतके हिवाळे हाल्वार अर्ध्या हरणाला शुभरात्री म्हणत होता. आणि जागरणात त्याच्याशीच हरत होता!

"वायरमन ना तू? मग ये, बघ ते बटण," माग्निल म्हणाली.

तो गेला. बटणाचं झाकण उघडलं. एक तार सुटून भलतीकडे चिकटली होती, तिसरीतल्या पोराने लावली असती. हाल्वारने तारेकडे पाहिलं, बल्बकडे पाहिलं, आणि झाकण हळूच परत बसवलं.

"वायरिंग फार जुनं आहे," तो म्हणाला. "हात न लावलेलाच बरा."

माग्निलने बटणाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बरं. जळू दे मग," ती म्हणाली. "पण त्या हरणाला शुभरात्री म्हणण्यापेक्षा इकडे येऊन मला म्हणत जा. साडेसातच्या आत."

हाल्वार मान हलवून दाराकडे वळला. तोच कोटाखालून दिसणाऱ्या त्याच्या उघड्या पोटऱ्यांकडे बघून ती म्हणाली, "आणि हाल्वार, येताना विजार घालून येत जा."