सावेकाकांच्या गाठीची जागा

सावेकाका कुठेही पटकन बसत नाहीत. लग्नाच्या मांडवात शिरले की आधी पंखा कुठे, स्पीकर कुठे, पंगत कुठून सुरू होणार हे बघतात आणि मग एखाद्या बसलेल्या माणसाला प्रेमाने उठवतात. कासा गावाला जाणाऱ्या जीपमध्ये तर ड्रायव्हरच विचारतो, "काका, आज कोणाला हलवू?" काकांची सगळी नोकरी रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात झाली. त्यांचं एकच म्हणणं, "बाकी काही बघू नका, जागा बघा."

डहाणूला आमच्या शेजारी, चिकूच्या झाडांखालच्या बैठ्या घरात ते एकटेच राहतात. दुपारी तिथे उजेडसुद्धा हिरवट, झोपाळलेला असतो. मी फारशी बोलत नाही. काकांना ते चालतं. ते बोलतात, मी ओट्यावर सरकणारे कवडसे बघत बसते.

२०१७ साली त्यांच्या लिव्हरमध्ये छोटी गाठ निघाली. रिपोर्ट माझ्यापुढे धरून म्हणाले, "तू इंग्लिश मीडियमची. वाच आणि मराठीत सांग." आई म्हणाली, जा, तेवढंच तुझं तोंड उघडेल. तेव्हापासून मी त्यांची दुभाषी.

तलासरीवरून आम्ही वापीच्या हॉस्पिटलात गेलो. डॉक्टर म्हणाले, पोट न उघडता, कातडीतून सुई घालून गाठ जागच्या जागी जाळता येईल. गाठ लहान आहे, एकच आहे, बाकीचं लिव्हर चांगलं आहे, हे सगळं आपल्या बाजूचं. अडचण एवढीच की ती मोठ्या शिरेला लागून आहे. वाहतं रक्त सुईची उष्णता ओढून नेतं. त्या बाजूची कड कच्ची राहिली तर गाठ पुन्हा वाढू शकते.

काका अगदी दुखावल्या आवाजात म्हणाले, "माझ्या पोटात राहून गाढवाला जागा निवडता आली नाही."

सुई घालायच्या दिवशी टेबलावर निजल्या निजल्या त्यांनी नर्सला ते एसीखालून जरा सरकवायला सांगितलं. टेबल जमिनीत पक्कं बसवलेलं होतं. परतीच्या गाडीत ते झोपले. बाहेर ताडाची झाडं एकेक करून धुक्यातून येत होती आणि पुन्हा धुक्यात जात होती.

महिन्याने पुन्हा स्कॅन झाला. गाठ पुरती जळली की नाही, ते रिपोर्टमध्ये कळणार होतं. काका ओट्यावर डोळे मिटून बसले आणि मी वाचायला लागले. गाठ जळली आहे. नवीन काही दिसत नाही. पुढे लिहिलं होतं की शिरेकडची कड स्पष्ट नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघावं. ती ओळ मी गाळली आणि म्हटलं, बाकी सगळं ठीक आहे.

"मधली ओळ राहिली," काका म्हणाले.

मी वर पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

"काका, तुम्ही वाचलंय?"

"बुकिंग ऑफिसात जन्मभर मी काय गुजरातीत पत्रं लिहिली?"

"मग मला कशाला वाचायला लावता?"

चिकूच्या झाडात वटवाघळं जागी व्हायला लागली होती.

"आपलं आपण वाचलं ना, की रिकाम्या घरात ते फार मोठ्याने ऐकू येतं. तुझा आवाज बारीक आहे. वाच."

मी ती ओळ वाचली.