शिखरावरची दाढदुखी

सहकुटुंब शिखर चढायचं ठरलं तेव्हा बुटांच्या दुकानदाराने बायकोला, मुलीला आणि सासऱ्यांना दुकानातले नवे कोरे बूट दिले आणि स्वतःसाठी शोकेसमधला जोड काढला. तो जोड काचेमागे कित्येक वर्षं दिमाखात उभा होता. येणारा-जाणारा त्याच्याकडे कौतुकाने बघायचा आणि आत येऊन स्लिपर घेऊन जायचा. दुकानदाराने त्याच्यावरची धूळ झटकली, पॉलिश मारलं आणि तो आरशासमोर चालून दाखवू लागला.

"शोकेसमधला माल आहे, बघा हं," बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची आणि एका वाक्यात जेवढं बसेल तेवढंच बोलायची.

"म्हणजे दुकानातला सगळ्यात चांगला माल," दुकानदार म्हणाला.

खरं तर या शिखराची हौस सासऱ्यांची. ते कोर्टात कारकून होते. जन्मभर लोकांच्या तारखा पुढे ढकलल्या, आता आपलं काही पुढे ढकलायचं नाही असं त्यांनी निवृत्त होतानाच ठरवलं होतं. नात कॉलेजात होती, तिने तंबू, पाठीवरच्या पिशव्या आणि वाटेची सगळी माहिती जमवली. दुकानदाराकडून कोणाची फारशी अपेक्षा नव्हती. आजवरच्या प्रत्येक सहलीत तो अर्ध्यावर एखादी सपाट जागा बघून बसायचा आणि म्हणायचा, "तुम्ही या जाऊन. मी सामानाजवळ थांबतो." या वेळी मात्र सामान पाठीवरच असणार होतं.

पहिला दिवस झाडीतून गेला आणि बरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक ओढा ओलांडला. पलीकडे जाऊन चार पावलं टाकली तोच दुकानदाराला आपल्यामागून कोणीतरी टाळ्या वाजवत येतंय असं वाटलं. वळून पाहिलं तर मागे कोणी नव्हतं. डाव्या बुटाचा सोल पुढून सुटला होता आणि पाऊल उचललं की खाली आपटत होता.

"बाबा, तुमचा बूट," मुलगी म्हणाली.

"दिसतोय."

"काचेतून ऊन लागलं असणार इतकी वर्षं," बायको म्हणाली. एवढं म्हणून ती आपल्या नव्या बुटाची नाडी बांधू लागली, आणि ते दुकानदाराला जास्त लागलं.

त्याने तंबूची एक दोरी काढून बूट करकचून बांधला. जरा पुढे गेल्यावर उजव्यानेही तेच केलं. मग तंबूची दुसरी दोरी गेली. दोन्ही पायांना दोऱ्यांचे वेढे घालून दुकानदार एका दगडावर बसला तेव्हा तो टपालात टाकायची दोन पार्सलं पायांत घातल्यासारखा दिसत होता.

"जावईबापू, असं करा," सासरे म्हणाले, "तुम्ही खालच्या निवाऱ्यावर जाऊन थांबा. आम्ही येतो वर जाऊन. त्यात कमीपणा काही नाही."

दुकानदाराच्या मनातलंच बोलले ते. निवाऱ्याचा ओटा, ऊन, चहा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तो "बरं" म्हणणार, एवढ्यात त्याला दातांचे डॉक्टर आठवले.

दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना त्याच्याच रस्त्यावर होता. मागच्याच आठवड्यात ते दुकानात आले होते. त्यांनाही बायकोबरोबर याच शिखरावर जायचं होतं, फक्त एक दिवस आधी निघून. नुसती चौकशी करायला आलेल्या डॉक्टरांना दुकानदाराने खुर्चीवर बसवलं, स्वतः त्यांच्या पायाशी बसला आणि शोकेसमधल्या बुटांच्याच बरोबर आलेला, गोदामात पडून असलेला जोड त्यांच्या पायात चढवला. डॉक्टर दोनदा उठू लागले. दोन्ही वेळा दुकानदाराने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. "डॉक्टर, पाय थकतील, बूट थकायचे नाहीत," असं तो म्हणाला होता.

आणि आता डॉक्टर वर कुठेतरी होते. त्याच मालाच्या, त्याच वर्षाच्या बुटांत. वर कडा होता, अरुंद वाट होती, आणि डॉक्टरांच्या हाताशी बहुधा दोरीही नव्हती.

दुकानदार उठला. "मी वर येणार," तो म्हणाला.

"अहो, पण या पायांनी?" सासरे म्हणाले.

"येणार म्हणजे येणार."

बायकोने त्याच्याकडे नीट पाहिलं. संसाराच्या इतक्या वर्षांत नवऱ्याने चढाकडे बघून असं काही म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते दुकानदाराला फार आवडलं, आणि त्यामुळेच खरं कारण सांगायचं राहून गेलं. नंतर सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं.

मग तो जो चालत सुटला, तो सगळ्यांच्या पुढे. मुलगी धापा टाकत म्हणाली, "आई, बाबांना काय झालंय?"

"माहीत नाही. पण बोलू नकोस, थांबतील."

समोरून एक जोडपं उतरत येत होतं. दुकानदाराने मागे पाहिलं, घरचे वळणाआड होते. त्याने घाईघाईने विचारलं, "वर कुठे दातांचे डॉक्टर भेटले का हो? उंच आहेत, चष्मा आहे."

"भेटले ना. काल तळ्याकाठी तंबू होता त्यांचा. आजची रात्र शिखरावर काढणार आहेत म्हणे." त्या बाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा चढाने लाल झाला होता आणि काळजीने आक्रसला होता. "फार दुखतंय का?"

"काय?"

"दात."

एवढ्यात घरची मंडळी वळणावर आली. आता डॉक्टरांची चौकशी कशासाठी ते सांगायचं, तर बुटांचं सगळंच सांगावं लागणार. गालावर हात ठेवून दुकानदार म्हणाला, "हो. जरा ठणकतेय दाढ."

"अरे अरे," बाईंनी पाठीवरची पिशवी उतरवून त्याला लवंगा दिल्या. बायकोला त्या म्हणाल्या, "कमाल आहे हो तुमच्या मिस्टरांची. एवढ्या दुखण्यात चढताहेत."

आता मात्र घरच्यांनी त्याला घेरलं. "कधीपासून दुखतेय?" "काल का नाही सांगितलंत?" "आमचा विरस नको म्हणून सोसत होतात ना?" दुकानदार प्रत्येक प्रश्नाला लवंग चघळत मान हलवत होता. सासऱ्यांनी त्याच्या पाठीवरचा स्वैपाकाचा स्टोव्ह काढून आपल्या पिशवीत घातला. दुकानदाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरी पंचाईत झाली ती जेवताना. मुलीने सगळ्यांना ब्रेड, चीज आणि भाजलेले शेंगदाणे वाढले आणि वडलांपुढे सूपचा पेला ठेवला.

"बाबा, तुम्ही काही चावायचं नाही."

"थोडं चावलं तर चालेल," दुकानदार म्हणाला.

"अजिबात नाही," बायको म्हणाली, आणि इतक्या मायेने म्हणाली की त्याने पेला तोंडाला लावला. दिवसभर डोंगर चढलेला माणूस शेंगदाण्यांचा कुरकुर आवाज ऐकत पातळ सूप पीत बसला. संध्याकाळीही सूपच होतं. तळ्याकाठी वारा सुटला आणि दोन दोऱ्या कमी असलेला तंबू पतंगासारखा फडफडून आडवा झाला, तेव्हा चौघांना उरलेल्या एकाच तंबूत दाटीवाटी करावी लागली. जागा कमी पडू लागली तशी बायको म्हणाली, "त्यांच्या गालाला धक्का लावू नका." दुकानदाराला सगळ्यात ऐसपैस कोपरा मिळाला. तिथे त्याला झोप आली नाही.

तिसऱ्या दिवशी उजाडताच ते शेवटच्या चढाला लागले. वाट दगडांची होती आणि पांढऱ्या रंगाच्या खुणांवरून जायची. दुकानदार खुणांऐवजी वाटेवर सुटलेला सोल पडलाय का ते बघत चालला होता. एका ठिकाणी काळं काहीतरी दिसलं आणि तो तिकडे धावला. जवळ जाऊन पाहिलं तर ओला दगड होता. पोटात कालपासून नुसतं पाणी, पायांना फोड, दोरी झिजून एकेका धाग्यावर आलेली. तरी तो थांबला नाही.

शिखर सपाट निघालं. चहूकडे उन्हात डोंगरांच्या रांगाच रांगा पसरल्या होत्या. सासरे टोकाशी जाऊन दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले. मुलगी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. आणि एका दगडाला टेकून, सुखरूप, दातांचे डॉक्टर बायकोबरोबर संत्रं सोलत बसले होते.

दुकानदाराला पाहताच डॉक्टरांनी बाजूची सतरंजी ओढून झटकन पायांवर घेतली.

"गेले," दुकानदार मनात म्हणाला. "बूट गेले, आणि बिचारे मला वाईट वाटू नये म्हणून झाकताहेत."

"डॉक्टर, बरे भेटलात," बायको पुढे होत म्हणाली. "यांची दाढ कालपासून भयंकर दुखतेय. जरा बघता का?"

डॉक्टरांना पायांवरून कोणाचंही लक्ष उडालेलं हवंच होतं. "बसा बसा. आ करा," ते म्हणाले. दुकानदार आ करून बसला. डॉक्टर बॅटरी घेऊन त्याच्या तोंडात बघत होते आणि दुकानदार तिरप्या डोळ्यांनी सतरंजीकडे बघत होता.

"खालची डावीकडची मागची दाढ चांगलीच किडलीय," डॉक्टर म्हणाले. "कडक काही खाऊ नका. गावी गेल्यावर दवाखान्यात या."

दुकानदाराला भरून आलं. बूट फाटून बसलेला हा भला माणूस आपलं खोटं सांभाळून घेतोय, असं त्याला वाटलं. तोंड मिटून तो म्हणाला, "डॉक्टर, माझी दाढ दुखत नाहीये."

डॉक्टरांनी बॅटरी विझवली.

"मी तुम्हाला जुना माल विकला. माझे बूट ओढ्याजवळच सुटले. तुमचेही सुटले असणार, तुम्ही कुठेतरी घसराल, या भीतीने मी वर आलो. दाढेचं मी उगाच सांगितलं. घरच्यांना खरं सांगायची लाज वाटली."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच सतरंजी बाजूला केली. त्यांच्या पायात बूट होते, धडधाकट होते, आणि दुकानदाराच्या समोरच्या दुकानातले होते. हे त्याला शिवणीवरूनच कळलं.

"तुम्ही इतकं समजावत होता, मला नको म्हणवेना," डॉक्टर म्हणाले. "पण मला ते जरा जड वाटले. मग मी समोरून दुसरे घेतले. तुम्ही वाटेत भेटाल म्हणून तुमचेही बरोबर आणलेत. तुम्ही दिसलात की पटकन घालायचे, असं ठरवलं होतं."

"चार दिवस ते माझ्या पिशवीत आहेत," डॉक्टरांची बायको म्हणाली. "माझ्या."

सासरे टोकावरून परत आले होते. त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "दोन्ही पक्षांनी गुन्हा कबूल केलाय," ते म्हणाले. "आता आपसात मिटवा आणि मला ते संत्रं द्या."

मिटलं ते असं, की दोघांच्या पायांचा नंबर एकच असल्यामुळे डॉक्टरांच्या बायकोच्या पिशवीतले बूट दुकानदाराच्या पायात आले. दुकानदार ते घालायला तयार नव्हता. बायकोनेच सोल वाकवून, ओढून, दगडावर आपटून बघितला.

"हे खोक्यात अंधारात होते," ती म्हणाली. "यांना ऊन लागलेलंच नाही. यांना काही होणार नाही. ओढ्याजवळ सांगितलं असतंत तर तिथेच सांगितलं असतं मी."

म्हणजे वर यायची काही गरजच नव्हती. दुकानदाराने खाली पसरलेल्या डोंगरांकडे पाहिलं. आता आलोच आहोत तर, असा विचार करून तो जरा वेळ तेच बघत राहिला.

मग त्याला भूक आठवली. खोटं फिटलं होतं, आता चावायला कोणाची आडकाठी नव्हती. डॉक्टर "अहो, पण दाढ खरंच," असं काहीतरी म्हणत होते, पण मुलगी आणि बायको इतक्या हसत होत्या की ते कोणाला ऐकू गेलं नाही. दुकानदाराने मूठभर शेंगदाणे तोंडात टाकले आणि कालपासूनची सगळी कसर काढून चावले.

डावीकडून कट्‌ असा आवाज आला.

डॉक्टर दुसऱ्या बाजूच्या वाटेने उतरणार होते. ते दिसेनासे होईपर्यंत दुकानदाराला हा ठणका जाईल असं वाटत होतं. तो गेला नाही. पहिल्या उताराला कळ कानापर्यंत पोचली.

"अगं," तो गालावर हात ठेवून म्हणाला, "दाढ दुखतेय."

बायको हसली. मुलगी हसून खाली बसली.

"खरंच दुखतेय."

"बाबा, तुम्ही कालसुद्धा अगदी असाच चेहरा केला होतात."

"जावईबापू," सासरे म्हणाले आणि त्यांनी आपल्या पिशवीतला स्टोव्ह काढून शांतपणे त्याच्या हातात दिला, "जबानी बदलली की साक्ष बाद होते."

उतरताना बुटांनी एकदाही कुरकुर केली नाही. दगड, चिखल, ओढा, सगळं ते तोलून नेत होते. दुकानदाराचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. जेवायला मुलीने त्याच्या हातावर ब्रेड आणि शेंगदाणे ठेवले तेव्हा तो म्हणाला, "थोडं सूप मिळेल का?" त्यावर परत सगळे पोट धरून हसले, आणि सूप काही कोणी केलं नाही.

पायथ्याच्या गावात बसची वाट बघत ते बाकावर टेकले. बायकोने त्याला काहीतरी विचारायला मान वळवली आणि ती थबकली. दुकानदाराचा डावा गाल टम्म फुगला होता. तिने हळूच बोट लावून पाहिलं. गाल गरम होता.

"अहो, हे कधीपासून?"

"शिखरापासून."

"मग सांगायचं नाही का?"

दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं. बोलायला त्याच्याकडे पुष्कळ होतं, पण तोंड उघडत नव्हतं. बायको उठली. रस्त्यापलीकडे चहाचं हॉटेल होतं, तिथून ती बर्फ घेऊन आली. तो आपल्या रुमालात गुंडाळून तिने त्याच्या गालाला लावला आणि बस येईपर्यंत हात न बदलता धरून ठेवला.